मेकॅनिकला मजुरीच्या वर पैसे द्यावेत का? द्यायचे तर कसे?

धुळेकर_७

मंडळी, राम राम. प्रश्न साधा आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईला घेऊन धुळ्याहून जळगावला मामांकडे निघालो होतो. आई पंच्याहत्तरीची, पण अखाजीला माहेरी जायचं म्हणजे जायचंच. दुपारचे बारा, बाहेर ४४ अंश. पारोळ्यापर्यंत गाडी मस्त आली. पुढे रस्त्याच्या कामामुळे एकेरी वाहतूक होती, रांगेत अडकलो आणि दहा मिनिटांत टेंपरेचरचा काटा लाल रेघेला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, आई पदराने वारा घेतेय. कसाबसा बाजूच्या एका पत्र्याच्या गॅरेजपाशी पोचलो.

मिस्तरी बाहेर आले. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काटा पळताना चढतो का उभं राहिल्यावर?" मी म्हटलं, उभं राहिल्यावर. "मग रेडिएटर नाही, पंखा बघू." कॅपला मला हात लावू दिला नाही, गरम पाणी तोंडावर येईल म्हणाले. पंख्याचं कनेक्टर सोडलं, बॅटरीवरून दोन वायरी थेट दिल्या आणि पंखा गरगर फिरला. म्हणजे मोटर ठीक. मग फ्यूजच्या डब्यातला हॉर्नचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला. एसी लावला, पंखा चालू! म्हणजे पंख्याचा रिलेच गेलेला. पोऱ्याला मोटारसायकलवर पिटाळलं, त्या उन्हात तो नवा रिले घेऊन आला. रिले २२० रुपये, मजुरी १५०.

आता खरी गोष्ट. याच तक्रारीसाठी महिनाभर आधी आमच्याकडच्या एका गॅरेजात गाडी दाखवली होती. तिथे रेडिएटर बदलायचा सल्ला आणि साडेआठ हजारांचा अंदाज मिळाला होता. इथे काम झालं ३७० मध्ये. मी पाचशेची नोट दिली आणि म्हटलं, राहू द्या वरचे. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी केलेले १३० काढले आणि माझ्या हातात कोंबले. "भाऊ, मन्हा दीडशे व्हई ग्यात. जास्तीना कसाले?" मी पुन्हा आग्रह केला तर चेहरा उतरला त्यांचा. मी गप्प बसलो. आईला त्यांनी माठातलं पाणी दिलं होतं, त्याबद्दलही धड काही बोललो नाही.

तेव्हापासून वाटतंय, मी त्यांचा अपमान केला का? की नुसते १५० देऊन आलो ते चुकलं? हॉटेलात वेटरला आपण सहज २० रुपये ठेवतो. ज्याने आईला भर उन्हातून सोडवलं त्याला काहीच नाही?

केळीपट्टा

माझं मत सरळ आहे. देऊच नये. मजुरी ठरलेली असते, ती पूर्ण द्यावी, विषय संपला. रावेरला केळी भरायला येणाऱ्या गाड्यांचं बघतो ना मी. एकाने हमालांना वरून दिले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मागणं येतं, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचा माल उन्हात पडून राहतो. गॅरेजला हेच होणार. मोठ्या गाडीवाला शंभराची नोट दाखवणार, जुन्या ओम्नीवाल्याचा नंबर संध्याकाळी.

पांझरा

+१. काम सुरू व्हायच्या आधी दिलेले पैसे तर लाचच.

शहादेकरीण

आधी आणि नंतर यात फरक आहे, दादा. आधी दिले तर ते नंबर पुढे घेण्याचे. काम पाहून दिले तर कौतुकाचे. दोन्हींना एकाच तागडीत घालू नका.

आणि धुळेकर दादा, अपमान वगैरे काही झालेला नाही. तुमच्या मनात काय होतं ते त्यांना कळलंच असेल.

गोटीपाना

मी स्वतः गॅरेजवाला. शिरपूरकडे, आग्रा रोडला. १९ वर्षं झाली. म्हणून जरा लांबड लावतो, माफ करा.

पहिलं म्हणजे त्या मिस्तरीचं बरोबर होतं. तुमच्याकडे पाचशे होते म्हणून तुम्ही देत होता. पण त्याने ते घेतले असते तर पुढच्या खेपेला त्याने खरंच मोठं काम सांगितलं की तुमच्या मनात आलं असतं, याला पैशाची चटक लागली वाटतं. आमच्या धंद्यात शब्दावर विश्वास बसला तरच गिऱ्हाईक टिकतं. तुम्ही बॉनेटखाली बघू शकत नाही, मी सांगेन ते तुम्हाला मानावं लागतं. अशा ठिकाणी जास्तीचा पैसा घ्यायला माझा तरी हात धजत नाही.

दुसरं, आणि हे मनापासून सांगतो. आम्हाला बक्षीस नको, मजुरीत घासाघीस नको. फिल्टरच्या डब्यावर छापील किंमत असते, तिला कोणी हात लावत नाही. ऑईलच्या कॅनलाही नाही. बिलात एकच आकडा असा असतो ज्याच्यावर सगळ्यांचं बोट जातं, तो म्हणजे मजुरी. "मजुरी काय हो ६००? पाच मिनिटांचं तर काम." अहो, पाच मिनिटांत झालं कारण १९ वर्षं हात काळे केले. नवीन गाड्यांसाठी स्कॅनर घेतला तो ३५ हजारांना, त्याचा हप्ता त्या ६०० मधूनच जातो. जॅक, गोटी पान्याचे सेट, वेल्डिंग, जागेचं भाडं, सगळं त्यातूनच. आणि काम बिघडलं, गाडी परत आली तर ते पुन्हा फुकटात करायचं असतं. लोक आधी मजुरीत दोनशे तोडतात आणि निघताना पन्नास रुपये "चहाला" ठेवतात. ते पन्नास मी घेत नाही.

तिसरं. त्या पोऱ्याला काही दिलंत का?

धुळेकर_७

नाही भाऊ. खरं सांगतो, त्याच्याकडे लक्षच गेलं नाही. रिले आणून मिस्तरींच्या हातात दिला आणि तो परत एका ट्रॅक्टरखाली शिरला.

गोटीपाना

तिथेच चुकलं. मालकाच्या हातात मजुरी येते, हेल्परच्या हातात दिवसाचा रोज येतो. काम अडीचशेचं असो की अडीच हजारांचं, त्याचा रोज तेवढाच. आणि आता सगळे क्यूआर कोडवर पैसे टाकतात. तो कोड मालकाच्या खात्याचा. पूर्वी सुटे परत देताना पाच-दहा रुपये पोराच्या हातावर पडायचे, तेही गेले. द्यायचेच असतील तर पन्नास-शंभराची नोट खिशात ठेवा, पोऱ्याच्या हातात द्या, पण मालकासमोर द्या. लपून दिले तर मालकाला वाटतं हा काहीतरी वेगळं काम करतोय, आणि पोरगं अडचणीत येतं.

तापीकाठ

पोऱ्या म्हणजे किती वर्षांचा? हे विचारणं भाग आहे. आपण "छोटू" म्हणतो आणि पुढे जातो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सगळ्याच कामांत. १४ ते १८ वयातल्यांना धोक्याच्या कामांना लावता येत नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर पेट्रोलने नट धुताना दिसलं तर त्याला वीस रुपये देऊन आपलं मन हलकं होतं, पण त्याची शाळा सुटलेलीच राहते. उलट मालकाला वाटतं, गिऱ्हाईकच देतंय तर आपण कशाला पगार द्या. अशा वेळी मी मालकाशी बोलते. ऐकलं नाही तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे.

माझ्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा असाच गॅरेजात गेला, तो परत शाळेत आलाच नाही. म्हणून जिवाला लागतं.

धुळेकर_७

ताई, तो मोठा होता. मिशा फुटलेल्या, उंच. मिस्तरी त्याला "तुझी आयटीआयची परीक्षा कधी?" असं विचारत होते हे आता आठवतंय.

गोटीपाना

मग चांगलंच. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. तिथे इंजिन कापून दाखवतात, पण काटा का चढला हे रस्त्यावरच शिकायला मिळतं. ताईंच्या बोलण्याशी मी सहमत आहे. माझ्याकडे १८ च्या आतलं कोणी नाही. पूर्वी होता एक, हेही सांगतो. आता ठेवत नाही.

अमळनेर_ते_ओहायो

इकडचं थोडं सांगतो, कारण "अमेरिकेत सगळ्यांना टिप देतात" असं गावाकडे नेहमी ऐकतो.

इकडे वेटरला टिप द्यावीच लागते, त्यामागे कायद्यातली एक गोम आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, बाकीचं टिपमधून भरून यावं अशी सोय. हा आकडा १९९१ पासून तिथेच आहे. काही राज्यांनी आपापला वाढवला आहे, ते वेगळं. म्हणजे वेटरची टिप हा त्याचा पगारच झाला, फक्त तो गिऱ्हाईक देतं.

मेकॅनिक त्यात येत नाही. त्याला टिप द्यायची इकडे रीत नाही. दिली तर कोणी रागवत नाही, नाही दिली तर कोणी वाट बघत नाही. पण त्यांच्या पगाराची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी "फ्लॅट रेट" चालतो. अमुक काम म्हणजे अमुक तास हे पुस्तकात ठरलेलं. ब्रेकला दीड तास लिहिला असेल तर दीड तासाचेच पैसे, मग गंजलेल्या बोल्टने त्याचे तीन तास खाल्ले तरी. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज भरपूर. आणि बिलावर मजुरीचा जो दर असतो, त्यातला थोडाच वाटा काम करणाऱ्याच्या हातात जातो. म्हणून जुनी गाडी घेऊन गेलो की मी सकाळीच सगळ्यांसाठी काहीतरी खायला नेतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा तिघे हात पुसत बाहेर आले, गाडीचं वर्ष विचारलं आणि माझं नावही. आधी चार वेळा गेलो होतो, नाव कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे वेटरची पद्धत गॅरेजात आणू नये एवढंच माझं म्हणणं. एकदा मालकांना कळलं की गिऱ्हाईक भरतंय, की रोज वाढायचा थांबतो.

भुसावळ_लोको

रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालो. तुमच्या चर्चेत एक जुना शब्द आला नाही म्हणून लिहितो. पोस्त. दिवाळीची पोस्त. आमच्या क्वार्टरवर पोस्टमन, लाईनमन, सफाईवाला, सगळ्यांना पाडव्याला पोस्त असायची. ती मागायला लाज नव्हती आणि द्यायला उपकार नव्हते. ठरलेला दिवस, सगळ्यांना सारखी.

त्याच्याही मागे जायचं तर, आमच्या यावलकडच्या गावी वडिलांच्या काळात सुतार-लोहाराला बलुतं होतं. वखर, पाभर, गाडीची चाकं वर्षभर त्यांनी सांभाळायची, खळं झालं की धान्यातला त्यांचा वाटा त्यांना. घरात लग्न निघालं तर वरून कापड. आजच्या मिस्तरीला मी त्या जागी बघतो. वर्षभर माझी गाडी एकाच माणसाकडे असते. दर वेळी बिलावर दहा-वीस ठेवत नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि ५०० रुपये पाकिटात, हेल्परला वेगळं पाकीट. कधी परत आलं नाही.

निंबाचं_झाड

आबा, तुमचा मान राखून बोलतो. माझे पणजोबा आणि आजोबा सुतारकी करायचे, तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. खळ्यावर सूप घेऊन उभं राहावं लागायचं. माप कोण घालणार, भरून की उडतं, हे मालकाच्या मर्जीवर. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी "पुढल्या साली बघू". चाक मात्र याच साली करून द्यायचं. वडील सांगतात, लग्नात मिळालेलं कापड आजोबांनी कधी अंगाला लावलं नाही. घेऊन यायचे आणि ट्रंकेत टाकायचे. म्हणून वडिलांनी मालेगाव गाठलं आणि मशीनच्या कामाला लागले. तिथे हातात पाकीट यायचं, त्यावर आकडा लिहिलेला असायचा.

मला वाटतं पारोळ्याच्या त्या मिस्तरींनी "मन्हा दीडशे व्हई ग्यात" म्हटलं त्यात हेच होतं. माझा आकडा मी ठरवला आणि तो मला मिळाला. त्याच्या वरचं घेतलं की आकडा पुन्हा समोरच्याच्या मर्जीवर जातो.

भुसावळ_लोको

हे मला आमच्या बाजूने दिसलं नव्हतं. आम्ही खळ्याच्या आतल्या अंगाला उभे होतो. लिहिलंत ते बरं केलंत.

पाकीट मी तरीही देईन, कारण आमचा पंचवीस वर्षांचा घरोबा आहे. पण आधी वर्षभराच्या मजुरीत कुठे हात आखडला का ते बघेन. मागच्या महिन्यात क्लच प्लेटच्या कामात मी ३०० तोडले होते, ते आज नेऊन देतो.

पांझरा

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरचं काय? तिथे बिलात मजुरी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळं लागूनच येतं. काम कोणी केलं हेच कळत नाही. बाहेर गाडी पुसणारा पोरगा मात्र दार धरून उभा असतो.

शहादेकरीण

मी ज्या सेंटरला जाते तिथे पाटीच आहे, कर्मचाऱ्यांना बक्षीस देऊ नये. मी जॉब कार्डवर टेक्निशियनचं नाव विचारून घेते आणि कंपनीचा फोन येतो तेव्हा ते नाव घेऊन काम चांगलं झालं असं सांगते. त्यांच्या इन्सेंटिव्हला त्या मार्कांचा उपयोग होतो असं तिथल्याच एकाने सांगितलं. पुसणाऱ्या मुलाला ३०-५० देते, त्याला पाटी लागू आहे की नाही ते बघत नाही.

पण खरं सांगायचंय ते माझ्या मिस्तरींबद्दल. मी रोज शहाद्याहून नंदुरबारला गाडी चालवत जाते. आधीच्या गॅरेजात मी समोर उभी असताना फोन माझ्या मिस्टरांना जायचा, "साहेब, ब्रेक पॅड गेलेत, टाकू का?" गाडी मी चालवते, पैसे मी देते! ते गॅरेज सोडलं. आताचे मिस्तरी काढलेला पार्ट माझ्या हातात देतात. पहिल्या वेळी त्यांनी पॅडचा झिजलेला कडा अंगठ्याने दाखवला आणि म्हणाले, "ताई, अजून दोन-तीन हजार किलोमीटर चालतील, घाई नको." असं कोणी मला आधी सांगितलं नव्हतं.

त्यांना पैसे देऊ केले होते, नाही घेतले. मग एका संध्याकाळी पाहिलं, लाईट गेलेली, ते गाडीखाली आडवे, आणि मोबाईल दातात धरून त्याच्या टॉर्चवर बोल्ट शोधताहेत. मोबाईलच्या कडेवरून लाळ आणि ऑईल दोन्ही ओघळतंय. दुसऱ्या आठवड्यात डोक्याला बांधायचा चार्जिंगचा टॉर्च आणून दिला, ४५० चा. तो त्यांनी लगेच घेतला. बटण तीनदा दाबून बघितलं. अवजाराला मिस्तरी नाही म्हणत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आता खंडेनवमीला पान्यांच्या पूजेत तो टॉर्चपण मांडलेला असतो.

गोटीपाना

ताई, एकदम बरोबर. हातमोजे, टॉर्च, हात धुवायची चांगली पेस्ट, यांतलं काहीही द्या. पेट्रोलने हात धुऊन धुऊन हिवाळ्यात बोटांना चिरा पडतात, मग भाकरीबरोबरचा ठेचा झोंबतो.

केळीपट्टा

मी वर "देऊच नये" म्हटलं होतं. आमच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्तरीकडे सीझनला केळीचा घड जातो, ते मी मोजलंच नव्हतं. ते काय म्हणायचं मग?

भुसावळ_लोको

त्याला शेजारधर्म म्हणायचं, बापू.

तापीकाठ

एक सावधगिरी. विम्याच्या कामात सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरला काहीही देऊ नका. "साहेब, जरा बघून घ्या, क्लेम मोठा करून देतो," असं सुरू होतं. ते बक्षीस उरत नाही. आणि रोडसाईड असिस्टन्सची क्रेन आली तर आपण वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतात. मागच्या पावसाळ्यात कन्नड घाटाच्या तोंडाशी, चाळीसगावच्या बाजूला, आमची गाडी बंद पडली. क्रेनवाला हुक लावायच्या आधीच "डिझेलचे ७०० द्या" म्हणाला. रात्रीचे दहा, सोबत लहान मूल. दिले. दुसऱ्या दिवशी पावती नसतानाही तक्रार केली, नऊ दिवसांनी पैसे परत आले. अडलेल्या माणसाकडून घेतलेल्याला टिप म्हणू नये. त्याच रात्री पंक्चरवाल्या काकांनी दुकान उघडून आम्हाला बसायला बाकडं दिलं, त्यांना मी आपणहून २०० दिले आणि त्यांनी घेतले. रात्री झोपेतून उठवलेल्या माणसाला द्यायलाच हवेत असं माझं मत आहे.

अमळनेर_ते_ओहायो

धुळेकर, मग तुम्ही काय ठरवलंत?

धुळेकर_७

उशीर झाला उत्तराला. परवा आईला परत आणायला जळगावला गेलो होतो, येताना मुद्दाम पारोळ्याच्या पुढे-मागे शोधत ते गॅरेज गाठलं. ऑईल आणि फिल्टर बदलायचे होतेच, ते तिथेच करून घेतलं. मजुरी ३५० सांगितली, ३५० दिली. मग मिस्तरींसमोर पोऱ्याला बोलावलं आणि त्याला म्हटलं, त्या दिवशी उन्हात रिले आणायला गेला होतास त्याचे हे शंभर. त्याने नोटेकडे नाही, मिस्तरींकडे बघितलं. मिस्तरींनी मान हलवली तेव्हा घेतली.

शहादेकर ताईंचं ऐकून टॉर्चही नेला होता. तो काढायच्या आधी मिस्तरी म्हणाले, "पंख्याचं काय?" आणि स्वतःच एसी लावायला सांगून रेडिएटरसमोर तळहात धरून उभे राहिले, वारा लागतोय का बघायला. चांगला अर्धा मिनिट. मग हात पुसून खोका घेतला. आईने आतूनच विचारलं, "पानी भेटी का, भाऊ?" तर ते आधी माठाकडे गेले, खोका तसाच काखेत.

टॉर्च त्यांनी स्वतः नाही बांधला. पोऱ्याच्या डोक्यावर चढवला, पट्टा घट्ट केला आणि त्याला ट्रॅक्टरखाली पाठवलं.